जॅम-पाव आणि श्वार्त्सबाई

या सदरात या आठवड्यात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांची गोष्ट यायची होती. ती पुढच्या आठवड्यावर गेली. कारण कराडहून आलेलं एका आजींचं पत्र. घरात चार वर्षांचा नातू आहे, जेवायला छळतो. सून नोकरी करते, सकाळी तिला घाई असते. ती दरडावून, वेळप्रसंगी एखादा धपाटा देऊन ताटातलं संपवून घेते. पोटात गेलं म्हणजे झालं, रडत गेलं काय नि हसत गेलं काय, असं सुनेचं म्हणणं. रडत खाल्लेलं अंगी लागत नाही, असं आजींचं. पत्राच्या शेवटी आजी लिहितात, ‘तुम्ही शास्त्रवाले, तुम्हीच निवाडा द्या. सून हे सदर वाचते, म्हणजे मला वेगळं सांगायला नको.’

सासू-सुनेच्या मध्ये पडू नये एवढी अक्कल मला आहे. पण नेमक्या याच प्रश्नाला ब्रिटिश पोषणशास्त्रज्ञ विडोसनबाई एकदा आडवाटेनं जाऊन धडकल्या होत्या, आणि त्यांच्या साठ वर्षांच्या कामातला माझा सगळ्यात आवडता तुकडा तोच आहे. कधीतरी तो सांगायचाच होता. आजींनी निमित्त दिलं.

स्वतःलाच टोचून घेतलेल्या स्ट्रॉन्शियमच्या इंजेक्शनांतून सावरलेल्या जोडीला, म्हणजे विडोसन आणि त्यांचे सहकारी मॅकन्स यांना, या सदरात आपण केंब्रिजला पोचवून थांबलो होतो. मधली युद्धाची वर्षं ओलांडू. १९४६ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं या दोघांना जर्मनीत पाठवलं. मुक्काम वुपरटाल. शहरं जमीनदोस्त झालेली, शिधा तुटपुंजा, अनाथालयं भरलेली. उपासमारीनं शरीराचं काय होतं आणि खायला मिळू लागल्यावर ते कसं भरून येतं, हे पाहायला याहून दुर्दैवी आणि याहून ‘सोयीची’ जागा नव्हती. सोयीची हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण बालपोषणाच्या संशोधनाचा निम्मा इतिहास अशाच जागी घडलेला आहे.

त्यांचा मुख्य प्रश्न पावाचा होता. युद्धात ब्रिटननं गहू वाचवण्यासाठी पांढरा पाव बंद करून कोंड्याचा बराच भाग ठेवलेला करडा पाव सक्तीचा केला होता. आता पुन्हा पांढऱ्याकडे जायचं का, यावर डॉक्टर, गिरणीवाले आणि पुढारी हमरीतुमरीवर आले होते. विडोसन-मॅकन्स यांनी अनाथालयांतल्या अर्धपोटी मुलांचे गट पाडले आणि पाच तऱ्हेच्या पिठांचे पाव सुरू केले: सगळ्या कोंड्यासकटचा, थोडा कोंडा काढलेला, अगदी पांढरा आणि पांढऱ्यातच जीवनसत्त्वं व लोह घातलेले दोन. पाव हवा तितका खायचा. दूध-मांस नावालाच, भाज्या आणि सूप जोडीला. मुलं तरारली. उंची वाढली, वजनं वाढली, आणि पाचही गटांत सारखीच वाढली! कोंडावाल्यांची फार निराशा झाली. (हे वाचून मैद्याच्या बिस्किटांचा पुडा उघडू नका. त्या मुलांना पावाबरोबर भाज्या होत्या, आणि आधीची भूक इतकी होती की पोटभर खाणं हेच त्यांचं औषध होतं.)

या मोठ्या प्रयोगाच्या कडेला एक छोटा प्रयोग चालू होता. १९४८ साल. नगरपालिकेची दोन लहान अनाथालयं, प्रत्येकात चार ते चौदा वयाची साधारण पन्नास मुलं. एकाचं नाव बीनेनहाउस, दुसऱ्याचं फोगेलनेस्ट. म्हणजे मधमाश्यांचं घर आणि पाखराचं घरटं. (विडोसनबाईंची धाकटी बहीण एव्हा क्रेन अणुभौतिकी सोडून मधमाश्यांच्या अभ्यासात शिरली आणि त्या विषयातली जगन्मान्य अधिकारी झाली. दोघी बहिणींची पत्रं कुठे असतील तर मला वाचायची आहेत.)

आखणी सरळ होती. पहिले सहा महिने दोन्हीकडे सरकारी शिधाच द्यायचा आणि दर पंधरा दिवसांनी वजनं करायची. नंतरचे सहा महिने फोगेलनेस्टला शिध्याखेरीज हवा तितका पाव, वर जॅम आणि संत्र्याचा आटवलेला रस. बीनेनहाउसला काहीच जादा नाही. मग फरक मोजायचा. शाळकरी पोरालाही उत्तर आधीच ठाऊक असावं असा प्रयोग.

पहिल्या सहामाहीतच काहीतरी खटकू लागलं. शिधा तोच, तरी फोगेलनेस्टची मुलं बीनेनहाउसपेक्षा बरीच जास्त भरत होती. दुसऱ्या सहामाहीत फोगेलनेस्टला जॅम-पाव सुरू झाला आणि चित्र उलटलं: जादा खाणाऱ्यांची वाढ मंदावली, आणि ज्यांना काहीच जादा नव्हतं त्या बीनेनहाउसची मुलं त्यांच्या पुढे गेली.

इथे बहुतेक संशोधक काय करतात ते मी पाहिलेलं आहे. वजनकाटा तपासतात, नोंदी करणाऱ्याला दमात घेतात, आणि तरीही आकडे हटले नाहीत तर ती वही कपाटात तळाशी जाते. विडोसनबाईंनी तारखा काढल्या. खाणं बदललं त्या तारखेच्या आसपास आणखी काय बदललं? उत्तर मिळालं: बाया बदलल्या होत्या.

फोगेलनेस्टची पहिली मुख्य बाई फ्रॉइलाईन ग्र्यून, तरुण, हसतमुख, मुलांत रमणारी. बीनेनहाउसची फ्रॉइलाईन श्वार्त्स, वयानं मोठी, करडी, शिस्तीची. नेमक्या त्याच सुमाराला ग्र्यूनबाई नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी श्वार्त्सबाईंची बदली झाली. बीनेनहाउसला तिसरीच, मायेची बाई आली. प्रयोगाशी याचा काडीचा संबंध नव्हता. म्हणजे जॅम-पाव आणि श्वार्त्सबाई एकाच वेळी फोगेलनेस्टच्या दारातून आत आल्या.

श्वार्त्सबाई मुलांना उपाशी ठेवत नव्हत्या. त्यांची खोड वेगळी होती. मुलांना फैलावर घ्यायला त्या जेवणाचीच वेळ निवडायच्या. सगळी एकत्र बसलेली असतात ना! सूप वाढलेलं, आणि बाई उभ्या: कुणाचं काय चुकलं, कुणाचं काय राहिलं, एकेकाची सगळ्यांसमोर हजेरी. बोलणं संपेपर्यंत सूप गार झालेलं, सगळी मुलं भेदरलेली, दोन-चार जणं मुसमुसत असलेली. या वर्णनाला पुरावा म्हणून विडोसनबाईंनी जोडलेली एक गोष्ट तर मला आकड्यांइतकीच मोलाची वाटते. श्वार्त्सबाईंची आठ मुलं लाडकी होती. बदली झाली तेव्हा त्या आठांना त्यांनी बरोबर फोगेलनेस्टला नेलं. त्यांच्यावर आवाज चढत नसे. बाकीची मुलं जॅम-पाव खाऊनही रेंगाळली असताना ही आठ मात्र छान भरली. तोच पाव, तेच सूप, तेच छप्पर. वेगळं होतं ते फक्त बाईंचं वागणं.

‘लॅन्सेट’मध्ये १९५१ साली हे छापून आलं. मन प्रसन्न असणं आणि शरीराची वाढ, असा मथळा. लेख जेमतेम तीन पानांचा, आणि त्यावर एकट्या विडोसनचं नाव. जिनं अन्नघटकांचे पंधरा हजार आकडे असलेली कोष्टकं मॅकन्सच्या बरोबरीनं सिद्ध केली, सफरचंदातल्या साखरेवर पीएचडी करूनही धड नोकरी मिळेना म्हणून जी आहारशास्त्राचा अभ्यासक्रम करायला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात शिरली, तिचा हा लेख. आयुष्यभर ताटात काय आहे ते ग्रॅममध्ये मोजणाऱ्या बाईनं ताटाशेजारी उभं कोण आहे तेही टिपून ठेवलं होतं. माझ्याकडे संशोधनाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ही तीन पानं पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो. कोष्टकं काय, मागाहून शिकता येतात.

आता उलटतपासणी. दोनच अनाथालयं, तीनच बाया. बदली योगायोगानं झालेली, चिठ्ठ्या टाकून नव्हे. आजच्या कुठल्याही समितीनं हा लेख परत पाठवला असता, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच झालं असतं. शिवाय कसं घडलं, हे त्यात नाही. खाल्लेलं शरीरानं वापरलं नाही म्हणजे नेमकं काय झालं?

त्याचा एक धागा १९६७ साली अमेरिकेत, बाल्टिमोरला सापडला. पॉवेल, ब्रॅझेल आणि ब्लिझार्ड या डॉक्टरांनी तेरा खुजी मुलं तपासली. मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीचा विकार असावा अशी लक्षणं, वाढीचं संप्रेरक बऱ्याच जणांत कमी. घरची परिस्थिती मात्र एकजात कलहाची. या मुलांना घरातून हलवून चांगल्या निवासी केंद्रात ठेवलं, संप्रेरकाचं एकही इंजेक्शन न देता, आणि ती भराभर वाढू लागली. पुढे संप्रेरकाची पातळीही सुधारलेली दिसली. आणि ही मुलं घरी कमी खात होती असंही नव्हे. उलट अधाशासारखी खात, मिळेल ते खात. म्हणजे सतत धास्तीत असलेलं शरीर वाढीचा कारभारच आवरता घेऊ शकतं. हा टोकाचा आजार झाला. सकाळच्या घाईतला एखादा धपाटा म्हणजे हे नव्हे. कराडच्या सूनबाईंनी घाबरून जाऊ नये.

पण आजींच्या बाजूनं निकाल लागला असं समजून कुणी टाळ्या वाजवणार असेल तर थांबा, कारण मला दुसऱ्याच टोकाच्या लोकांची भीती वाटते. मायेनं मूल वाढतं, मग अंडं कशाला, डाळ कशाला, असं म्हणणारे भाषणबहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी जमैका. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली नऊ ते चोवीस महिन्यांची, खुरटलेली १२९ मुलं सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटानं घेतली. काहींना आठवड्याला किलोभर दुधाची पावडर, काहींना आरोग्यसेविकेनं घरी येऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवणं, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. दोन वर्षं. १९९१ मध्ये निकाल छापले. समज, भाषा, हालचाली यांत दूधही उपयोगी पडलं, खेळही पडला, आणि दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे गेली. उंची-वजन मात्र दुधानंच वाढलं. खेळानं तसूभरही नाही. मायेतून प्रथिनं तयार होत नाहीत. घरात भीती असेल तर प्रथिनं वाया जाऊ शकतात, इतकंच विडोसनबाईंचं म्हणणं आणि इतकंच माझं.

म्हणून मला राग येतो तो जेवणाच्या पंगतीत भरवल्या जाणाऱ्या दरबारांचा. वसतिगृहांत, आश्रमशाळांत मी हे अनेकदा पाहिलंय. ताटं वाढलेली, भात निवतोय, आणि समोर कुणीतरी सूचना वाचतंय, फी राहिलेल्यांची नावं घेतंय, काल भिंतीवर कुणी लिहिलं त्याची चौकशी चालू आहे. तक्ता बघावा तर उष्मांक चोख, डाळ चोख, आठवड्याची अंडीही चोख. असल्या पाहणीच्या नमुन्यात ‘जेवताना कोण काय बोलतं’ असा रकाना नसतो. माझ्या विद्यार्थिनींच्या नमुन्यात तो असतो. परीक्षक दर वर्षी विचारतात, हे मोजणार कसं? अर्धा तास कोपऱ्यात बसून, घड्याळ लावून, आवाज किती वेळा चढला ते लिहून. यात अवघड काय आहे?

पुढच्या आठवड्यात पुण्याची बाळं नक्की. जन्मवजनांचे दोन आकडे तेवढे तयार ठेवा: इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं बाळ साधारण साडेतीन किलोचं, पुण्याजवळच्या गावातलं २.७ किलोचं. एवढं हलकं बाळ सगळ्याच बाबतींत कमी भरणार, अशी कुणाचीही अटकळ असेल. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं पाठीवरच्या कातडीची चिमूट धरून चरबी मोजली, आणि तिथे मात्र हे बाळ साहेबाच्या बाळाच्या फारसं मागे नव्हतं.