मायलोमा : रक्त एकच, मग रिपोर्ट दोन का?

समजा, मल्टिपल मायलोमाच्या एका रुग्णाचे दोन रिपोर्ट तुमच्यासमोर आहेत. रक्त एकाच दिवशी घेतलेलं. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये गॅमा भागात एक बारीक पट्टा दिसतोय, पण फ्री लाइट चेनचं कॅपा-लॅम्डा गुणोत्तर 0.26 ते 1.65 या नेहमीच्या मर्यादेत आहे. कुठली टेस्ट चुकली? हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी बघा, दोन्ही टेस्ट नेमकं काय मोजतात.

मायलोमात एकाच प्लाझ्मा पेशीची पिल्लावळ वाढत जाते आणि सगळ्या पेशी एकच अँटीबॉडी बनवतात. तेच एम प्रोटीन. इलेक्ट्रोफोरेसिस प्रोटीन वेगळे करते ते मुख्यतः विद्युतभारावरून. पट्टा कुणी बनवला हे तिला कळत नाही. म्हणून सिरमऐवजी प्लाझ्मा आला, तर त्यातलं फायब्रिनोजेनसुद्धा एम प्रोटीनसारखा पट्टा दाखवतं. (नमुना कुठल्या ट्यूबमध्ये आला हे विचारायला लाजू नका!)

आता औषधांची यादी काढा. डाराट्युमुमॅब हे 2015 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध स्वतःच आयजीजी कॅपा जातीची अँटीबॉडी आहे. म्हणजे रुग्णाला दिलेलं औषधच जेलवर पट्टा बनून उमटू शकतं. ते अखंड अँटीबॉडी असल्यामुळे फ्री लाइट चेनच्या टेस्टला दिसत नाही. आपल्या दोन रिपोर्टचं भांडण असं सुटू शकतं. मूळ आजार आयजीए किंवा लॅम्डा जातीचा असेल, तर इम्युनोफिक्सेशनवरून फरक लगेच कळतो. तोही आयजीजी कॅपाच असेल, तर खरी पंचाईत. मग जुना जेल काढून पट्ट्याची जागा ताडून बघायची, किंवा औषधाला चिकटणारी अँटीबॉडी घालून औषधाचा पट्टा बाजूला सरकवायची टेस्ट करायची. एवढी खटपट कशाला? कारण 'कम्प्लीट रिस्पॉन्स' म्हणायला इम्युनोफिक्सेशन निगेटिव्ह लागतं. औषधाच्या पट्ट्यापायी बरा होत आलेला माणूस कागदोपत्री आजारीच राहतो.

याच्या उलटंही घडतं, आणि मला ते जास्त धोक्याचं वाटतं. फ्री लाइट चेन मोजताना ठरावीक अँटीबॉडी घालतात. तिने चेन एकमेकींना जोडून जाळं विणलं, की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून आकडा निघतो. पण चेन प्रमाणाबाहेर असतील, तर अँटीबॉडीचे हात वेगवेगळ्या चेनमध्येच गुंतून पडतात. जाळं होत नाही आणि मशीन कमी आकडा देतं. हायडेलबर्गर आणि केंडल यांनी 1930च्या दशकात अभ्यासलेला वक्र तो हाच. आजार जोरात, रिपोर्ट मात्र सौम्य! क्रिएटिनिन चढतंय, लघवीत प्रोटीन जातंय आणि फ्री लाइट चेन तेवढी शांत, असं दिसलं तर तोच नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावायला सांगा. आकडा एकदम वर उसळला, तर आधीचा रिपोर्ट फोन करून मागे घ्यावा लागतो, आणि तो फोन त्याच दिवशी जायला हवा.