रॉकेटची मोटर ठरवते जमीन

हौशी रॉकेटच्या मोटरवर ‘आय 200-10’ अशी खूण छापलेली असते. पहिलं अक्षर आवेगाचं, म्हणजे रेटा गुणिले तो टिकण्याचा वेळ. ‘ए’ मोटरचा आवेग जास्तीत जास्त 2.5 न्यूटन-सेकंद असतो. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते आणि ‘आय’पर्यंत 640 वर पोचते. 200 हा न्यूटनमधला सरासरी रेटा. इंधन संपल्यावर 10 सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकलं जाईल, हे शेवटचा आकडा सांगतो. ‘एच’पासून पुढच्या मोटरी उच्चशक्तीच्या. अमेरिकेत त्या वापरायच्या तर जाणकारांसमोर रॉकेट उडवून, धड परत आणून प्रमाणपत्र मिळवावं लागतं.

या मोटरमध्ये फिरणारं काहीच नसतं. ॲल्युमिनियमची नळी, रबरासारखं घट्ट इंधन आणि खालच्या टोकाला ग्रॅफाइटचं नोझल. सगळी अक्कल असते ती इंधनातल्या आरपार भोकात. इंधन आतून बाहेर जळत जातं तसं भोक रुंदावतं, जळणारा पृष्ठभाग वाढतो आणि दाब चढतो. म्हणून एका लांब दांड्याऐवजी आखूड तुकडे रचतात. त्यांची टोकंही जळतात, लांबी घटते आणि रेटा बराचसा एकसारखा राहतो. इंधनात एखादी भेग राहून गेली की जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो आणि नळी फुटते. घरी मोटर बनवण्याचा विचारही कुणी करू नये, हे कळकळीनं सांगायचं आहे. 1884 च्या स्फोटक कायद्यानुसार आणि 2008 च्या नियमांनुसार परवान्याशिवाय असं इंधन बनवणं हा गुन्हाही आहे.

हेच तंत्र मोठ्या आकारात मराठी माणसांच्या हातून घडलं आहे. 18 जुलै 1980 रोजी यशस्वी झालेल्या एसएलव्ही-3 या भारतीय उपग्रह प्रक्षेपकाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते वसंत गोवारीकर, आणि घन इंधन हाच त्यांच्या कामाचा गाभा होता. पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 138 टन घन इंधन असतं. त्याची पोलादी कवचं पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला बनत आली आहेत.

मुंबईजवळच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यालाही असं साहित्य परकं नाही. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, नौदलासाठी साहित्य-संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. उल्हासनगरला लागून शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे. साड्यांसाठी वापरतात तसलाच रेयॉनचा धागा हवेविना भाजून कार्बनचं कापड करता येतं, आणि अमेरिकी स्पेस शटलच्या बूस्टरांच्या नोझलला आतून अशाच कापडाचं अस्तर होतं. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या घरांतल्या मुलांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

आता मोटरची निवड. समजा, उड्डाणाच्या वेळी रॉकेटचं वस्तुमान 3 किलो आहे. वजन झालं जवळपास 30 न्यूटन. सरासरी रेटा वजनाच्या निदान पाचपट हवा, म्हणजे 150 न्यूटन. 200 न्यूटनची मोटर घेतली तर रॉकेटला दिशा देणारा दोन मीटरचा रूळ सोडताना वेग सेकंदाला 15 मीटर होतो. त्या वेगाला शेपटीचे पंख हवेला धरतात आणि रॉकेट सरळ जातं. 100 न्यूटनची घेतली तर वेग दहाच्याही आत राहतो, आणि जरा वारा असला की रॉकेट वारा येतो त्या बाजूला कलतं. दोन्ही मोटरींवर अक्षर ‘आय’च असू शकतं! नुसतं अक्षर बघून मोटर घेणारा इथेच फसतो.

पण खरा निर्णय जमीन देते. हे रॉकेट 500 न्यूटन-सेकंदांच्या मोटरवर, हवेचा विरोध सोडला तर, किलोमीटरहून अधिक वर जाईल. विरोध धरून 800 मीटर म्हणू. पॅराशूटवर सेकंदाला 6 मीटरनं उतरताना त्याला दोन मिनिटांहून अधिक लागतील. वारा सेकंदाला 5 मीटर असला तर तेवढ्या वेळात ते साडेसहाशे मीटर वाहून जाईल. उल्हासनगर अवघं 13 चौरस किलोमीटरचं आणि 2011 च्या जनगणनेत तिथे पाच लाखांवर माणसं. पलीकडे अंबरनाथ-बदलापूरमधून लोकलचे रूळ आणि विजेच्या तारा. इथे ‘आय’ला जागा नाही, ‘एच’लाही नाही.

मात्र गणित इथेच शिकता येतं, आणि तेही दारूगोळ्याशिवाय. थंड पेयाच्या दीड लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीत 600 मिलिलिटर पाणी घालायचं, सायकलच्या पंपानं 45 पीएसआयपर्यंत हवा भरायची आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली लांबून दोरी ओढून सोडायचं. पाणी सरासरी सेकंदाला वीसेक मीटर वेगानं बाहेर पडतं. 0.6 किलो गुणिले 20, म्हणजे 12 न्यूटन-सेकंद. मोटरींच्या वर्गवारीत ही बाटली ‘डी’मध्ये बसते. याच बाटलीचा रेटा क्षणाक्षणाला कसा बदलतो ते गणितानं कागदावर मांडलं, तर रेट्याचा आलेख हाती येतो. मोठ्या मोटरीसोबत कारखान्याकडून मिळतो तो आलेखही याच जातीचा असतो.