पत्र कोणाच्या टेबलावर थांबते?

सेवानिवृत्तीनंतर मी एका महाविद्यालयात अधूनमधून इतिहासाचे तास घेतो. लोकहितासाठी व्यक्तीने पत्करलेली जोखीम हा विषय निघाला, की विद्यार्थ्यांना क्रांतिकारक आणि सत्याग्रही आठवतात. मी सत्येंद्र दुबे यांचे नाव घेतो. बहुतेकांनी ते ऐकलेले नसते.

बिहारच्या सिवान जिल्ह्यातले दुबे आयआयटी कानपूरमधून स्थापत्य अभियंता झाले. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पासाठी ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, झारखंडमधील कोडरमा येथे काम करीत होते. तेथे दिसलेल्या गैरव्यवहारांविषयी त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र मात्र नावासह कचेऱ्यांमधून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया येथे त्यांची गोळी झाडून हत्या झाली. २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरविले. तपास यंत्रणेच्या मते हेतू लुटीचा होता. हेही मी वर्गात सांगतो, कारण इतिहासात सोयीचा तेवढाच पुरावा निवडता येत नाही. पण हेतू काहीही असो, नाव फुटले होते, हे सत्य उरतेच.

एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ते पत्र पुढे पाठविणाऱ्यांना काय वाटले असेल?”

उत्तर मला ठाऊक होते. सेवेत असताना एका कनिष्ठ कर्मचाऱ्याचे असेच पत्र माझ्याकडे आले होते. नाव न झाकता, ‘अभिप्रायार्थ’ असा शेरा मारून मी ते ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याकडेच रवाना केले. नियमानुसार माझे काही चुकले नव्हते. महिन्याभरात त्या कर्मचाऱ्याची दूरच्या ठिकाणी बदली झाली. मला विशेष काहीच वाटले नव्हते. वर्गात मी तसेच सांगितले.

दुबे यांच्या मृत्यूनंतर, २००४ मध्ये, अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविण्यात आले. २०१४ मध्ये तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. पण दशक उलटूनही तो अमलात आलेला नाही.

म्हणून धैर्याचा धडा केवळ वीरचरित्राने पूर्ण होत नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे दुबे होतील. पुष्कळसे मात्र एखाद्या टेबलामागे बसतील. दुसऱ्याने पत्करलेली जोखीम आपल्या हातून वाढणार नाही, एवढे त्यांना शिकविता आले, तरी इतिहासाचा तास वाया गेला असे म्हणता येणार नाही.