उंदीर पिंजऱ्यात का येत नाही?

दिवाळीच्या आधी घरोघर झाडलोट सुरू झाली की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, रद्दीचे गठ्ठे हलतात, आणि त्यामागून एक शेपटी सळकन निघून जाते. मग एरवी कशावरही न होणारे साऱ्या घराचे एकमत होते की, उंदरांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. चकलीची भाजणी, अनारशांचे पीठ आणि नवे कपडे एकाच घरात असताना हा पाहुणा ठेवून घेणे कोणालाच परवडत नाही. शेजाऱ्यांकडून पिंजरा मागून आणला जातो, आतल्या आकड्याला भजे अडकवले जाते, आणि मंडळी निश्चिंत मनाने झोपी जातात. सकाळी पाहावे तो पिंजरा उघडाच, भजे जागच्या जागी, आणि मोरीतला साबण मात्र कुरतडलेला!

असे झाले की आपण पिंजऱ्याला नावे ठेवतो. वास्तविक दोष पिंजऱ्याचा क्वचितच असतो. सापळा हे मोठे चमत्कारिक यंत्र आहे. त्याचा निम्मा भाग सुतार किंवा लोहार करतो, आणि उरलेला निम्मा भाग उंदीर आपल्या सवयीने पुरवतो. उंदराची सवय ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती उत्तम पिंजराही रिकामी पेटीच ठरते.

तीन अवयवांचे यंत्र

जगातला कोणताही सापळा घ्या, त्यात तीन गोष्टी सापडतील. पहिली, साठवून ठेवलेले बळ. दुसरी, ते बळ अडवून धरणारी खीळ. आणि तिसरी, खीळ सोडवण्याचे काम सावजाकडूनच करून घेणारे आमिष. अगदी जुन्या सापळ्यात हे बळ म्हणजे वजन असे. सपाट धोंडा काटकीच्या आधारावर तिरपा उभा करायचा आणि काटकीच्या टोकाला खाऊ लावायचा. खाऊ ओढला की काटकी निसटते आणि धोंडा खाली येतो.

पुढे माणसाने वाकवलेल्या लाकडाचे बळ वापरले. तमिळनाडूत कावेरीच्या खोऱ्यातले शेतकरी भाताच्या शेतात बांबूच्या कमानीचा सापळा लावतात. तो तंजावरच्याच नावाने ओळखला जातो. कमान वाकवून दोरीने ताणलेली असते. उंदराने आमिषाला तोंड लावले की कमान सुटते आणि त्याचा गळा आवळला जातो. त्याला ना खिळा लागतो, ना पत्रा. गावातला बांबू आणि शेतातले धान्य, एवढ्यावर काम भागते.

आपल्या ओळखीचा चाप, म्हणजे लाकडी पाटी, पिळाची स्प्रिंग आणि फाडकन आपटणारी तारेची कडी, हा मात्र फार जुना नव्हे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या विल्यम हूकर याला १८९४ साली अशा चापाचे पेटंट मिळाले. त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लीड्स येथील जेम्स हेन्री अ‍ॅटकिन्सन याने आपला चाप काढला. त्याचे हक्क त्याने १९१३ साली एक हजार पौंडांना विकले. उंदराने इतके पैसे मिळवून दिल्याची उदाहरणे थोडीच असतील! मशीनगन शोधणारा हायरम मॅक्सिम यानेही तरुणपणी आपोआप पुन्हा ताणला जाणारा उंदरांचा सापळा केला होता.

चांगला चाप करणाऱ्याच्या दारी जग आपण होऊन चालत येईल, अशा अर्थाचे एक वचन अमेरिकन विचारवंत एमर्सन याच्या नावावर खपते. एमर्सन वारला १८८२ साली, म्हणजे हूकरच्या पेटंटच्या बारा वर्षे आधी. परंतु त्या वचनावर विश्वास ठेवणारे पुष्कळ निघाले. उंदरांच्या सापळ्यांची चार हजारांहून अधिक पेटंटे एकट्या अमेरिकेने दिली आहेत. मौज अशी की, त्यांपैकी फारच थोडी बाजारात टिकली. हूकरच्या काळची ती साधी पाटी आणि कडी सव्वाशे वर्षे झाली तरी खपतेच आहे. ज्यांनी निव्वळ यंत्र सुधारले ते मागे पडले, कारण सुधारणा व्हायला हवी होती ती उंदराविषयीच्या आपल्या ज्ञानात.

एक चौकस, एक संशयी

आपण सरसकट ज्याला उंदीर म्हणतो, तो एक प्राणी नव्हे. कपाटात आणि डब्यांमागे वावरणारा बोटभर लांबीचा लहान उंदीर निराळा, माळ्यावर आणि कौलांत धावणारा मोठा काळा उंदीर निराळा, आणि गटारातून येऊन जमीन पोखरणारी घूस त्याहून निराळी. चिचुंद्री तर या कुळातलीच नव्हे. तिचे लांब नाकाड आणि चिकचिक आवाज यांवरून ती ओळखू येते. ती मुख्यतः झुरळे व किडे खाते. ती पिंजऱ्यात आली तर सोडून द्यावी, घराचा त्यात फायदाच आहे.

लहान उंदीर आणि मोठा उंदीर यांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला धान्याचा कण न् कण वाचवायचा होता. तेव्हा ऑक्सफर्ड येथे चार्ल्स एल्टन यांच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या सवयींचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यात दिसून आले की, मोठा उंदीर नव्या वस्तूला विलक्षण भितो. त्याच्या रोजच्या वाटेवर एखादी साधी पेटी ठेवली तरी तो कित्येक दिवस तिला वळसा घालून जातो. नवे अन्न दिसले तर आधी चिमूटभरच चाखून पाहतो. याला कारण आहे. उंदराला ओकारी काढता येत नाही. पोटात गेलेले विष बाहेर टाकता येत नसल्यामुळे शंका हेच त्याचे औषध होय. एकदा थोडे खाऊन पोट बिघडले की त्या चवीला तो पुन्हा शिवत नाही.

लहान उंदीर नेमका याच्या उलट. तो चौकस असतो. नवी वस्तू दिसली की तीत डोकावल्यावाचून त्याला राहवत नाही. म्हणून तो पहिल्या रात्रीच सापडतो. मोठा उंदीर येत नाही, कारण पिंजरा त्याच्या दृष्टीने काल नसलेली आणि आज उपटलेली संशयास्पद वस्तू असते.

जेव्हा पिंजऱ्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते

उंदराच्या स्वभावाचे हे ज्ञान केवळ कुरतडलेल्या साबणापुरते नाही, हे मुंबईइतके कोणत्याही शहराला महाग पडून कळलेले नसेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. आधी घरात उंदीर मरून पडत, मग माणसे तापाने फणफणत, ही गोष्ट लोकांच्या नजरेला आली होती. परंतु उंदराचा रोग माणसाकडे येतो कसा, हे कोणालाच माहीत नव्हते. सरकारने घरे धुऊन काढली, सामान जाळले, माणसांना घरांतून ओढून छावण्यांत नेले. त्या जुलमाचा शेवट पुण्यात १८९७ साली रँडच्या वधात झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. एवढे सारे झाले, आणि खरा गुन्हेगार मोकळाच राहिला.

१८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले की, प्लेग उंदरावरची पिसू पसरवते. कित्येक वर्षे ते कोणी मनावर घेतले नाही. १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेच्या साहाय्याने, याची कसून परीक्षा केली. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनिपिग पिंजऱ्यांत ठेवले. काही पिंजरे जमिनीवर ठेवले, काही पिसवेची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगले. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा पसरला. त्या पट्ट्यात पिसवा अडकून पडल्या, आणि ज्यांच्यापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत ते प्राणी वाचले. सापळा उंदरासाठी नव्हता, उंदरावरच्या पाहुण्यासाठी होता. इतक्या साध्या युक्तीने एवढे मोठे कोडे सुटले.

त्यानंतर शहरात पकडलेल्या उंदराला निराळेच मोल आले. उंदरांची रोजच्या रोज तपासणी होऊ लागली. उंदरांत प्लेग वाढला की साधारण दहा ते चौदा दिवसांनी तो माणसांत वाढतो, असे दिसून आले. म्हणजे पिंजऱ्यातला उंदीर ही साथीची आगाऊ वर्दी होती, आणि तेवढे दिवस हाती असणे म्हणजे कित्येकांचे प्राण हाती असणे.

प्लेग ही इतिहासजमा गोष्ट आहे असे कोणी म्हणेल. परंतु १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत त्याने पुन्हा डोके वर काढले होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा रोग दर पावसाळ्यात आपली आठवण करून देतो. मुंबई महापालिकेचे कामगार रात्री हातात काठी आणि विजेरी घेऊन गल्लीबोळांत उंदीर मारीत हिंडतात, ते उगाच नव्हे. आपण गाढ झोपेत असताना कोणीतरी आपल्यासाठी हे किळसवाणे काम करीत असतो, हे ध्यानात असू द्यावे.

पिंजरा लावण्याची रीत

आता घराकडे वळू. उंदराची नजर अधू असते. तो मिशांच्या आधाराने भिंतीला अंग घासत चालतो. तेव्हा खोलीच्या मध्यभागी ठेवलेला पिंजरा त्याच्या वाटेवर येतच नाही. पिंजरा भिंतीलगत, त्याचे तोंड वाटेकडे करून ठेवावा. चाप असेल तर तो भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे येईल असा लावावा. वाट कोणती, हे काळपट चिकट डाग आणि लेंड्या यांवरून कळते.

आमिष थोडके असावे, पण ते आकड्याला दोऱ्याने घट्ट बांधावे, म्हणजे ओढल्याशिवाय सुटणार नाही. भजे, भाजलेले खोबरे, शेंगदाण्याचा कूट, सुका बोंबील यांपैकी जे आपल्या घरच्या उंदराच्या तोंडी रुळलेले असेल ते द्यावे. लहान उंदीर आपल्या बिळापासून सहसा आठ-दहा मीटरांपलीकडे जात नाही. म्हणून एक पिंजरा दहा रात्री लावण्यापेक्षा चार पिंजरे एकाच रात्री जवळजवळ लावलेले बरे. मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात. दिरंगाई केली तर उंदीर आपल्याला हिशेबात हरवतो.

मोठ्या उंदराला मात्र घाई चालत नाही. तीन-चार रात्री पिंजरा आमिषासह ठेवावा, पण दार बांधून उघडेच ठेवावे. त्याला येऊ द्यावे, खाऊ द्यावे, आणि सुखरूप परत जाऊ द्यावे. त्याचा संशय फिटला, आमिष रोज संपू लागले, की मग दार मोकळे करावे. हे पाहुणचाराचे नाटक ज्याला धीराने वठवता येते, त्याचाच पिंजरा भरतो.

सापडल्यावर काय?

सापडलेल्या उंदराचे काय करायचे, याचा विचार पिंजरा लावण्याआधीच करावा. पिंजरा बादलीत बुडवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. त्यात त्या जीवाचे हाल होतात, आणि मुले ते पाहत असतात. बाजारात मिळणारे चिकट पुठ्ठे त्याहून वाईट. त्यावर उंदीर तासन् तास, कधी दिवसभर तडफडतो, आणि चिमणी किंवा पालही त्यात अडकते. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून असे पुठ्ठे वापरणे सर्वसामान्य माणसाला गुन्हा ठरले आहे. आपल्याकडेही १९६० च्या कायद्याने प्राण्याला विनाकारण यातना देण्यास मनाई आहे. मारायचेच असेल तर जोरदार स्प्रिंगचा चाप क्षणात काम करतो, तोच त्यातल्या त्यात दयाळू. जिवंत सोडायचा म्हणून पलीकडच्या आळीत नेऊन सोडणे हा उपाय नव्हे, ती शेजाऱ्याला दिलेली भेट आहे. उंदीर नुसत्या हाताने उचलू नये. पिंजरा साबणाने धुऊन उन्हात सुकवावा.

आणि एवढे सारे झाल्यावर एक शिसपेन्सिल हाती घ्यावी. दारांच्या खाली, नळाच्या पाइपाभोवती, खिडक्यांच्या कडेला ती फिरवावी. जेथे पेन्सिल आत शिरते, तेथे लहान उंदरालाही शिरता येते. ती फट तारेच्या घासणीचा बोळा कोंबून सिमेंटने लिंपावी. रात्री ओटा कोरडा, डबे झाकलेले आणि केराचे भांडे बंद असावे. पिंजरा आत आलेला एक उंदीर पकडतो. लिंपलेली फट मात्र अजून न आलेले दहा उंदीर बाहेरच्या बाहेर परत पाठवते, तेही कोणाचा जीव न घेता. फराळाचे डबे भरण्यापूर्वी घरातल्या मुलांच्या हाती ती पेन्सिल द्यावी. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा जमिनीच्या अधिक जवळ असतात.