चोराने नेले साठ हजार, लाजेने नेले चाळीस!



कणसात दाणा भरू लागला की आपण शेतात माळा बांधतो. रात्रीची जागल करतो, दिवसा गोफण फिरवतो. पाखराने चार दाणे टिपले तरी जीव हळहळतो. पण त्याच पिकाचा पैसा बँकेत गेला, की आपण निर्धास्त होतो. बँकेच्या तिजोरीला कुलूप असते हे खरे. पण त्या कुलपाची एक किल्ली आता आपल्या खिशात असते. ती किल्ली म्हणजे एटीएम कार्ड. तिची राखण आपण करतो का?

मी शेती खात्यातला माणूस. बियाणे, खते, कीड-रोग हे माझे विषय. बँकेचे कार्ड हा काही बी. एस्सी.च्या अभ्यासातला धडा नव्हे. पण किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली आली, पुढे पीककर्जाचे पैसेसुद्धा रुपे कार्डावर मिळू लागले, आणि आमच्या कार्यक्षेत्रात जे घडलेले पाहिले, त्यावरून हा विषय तुमच्यापुढे मांडणे मला भाग वाटते.

आबांची गोष्ट

नाव सांगत नाही, आपण त्यांना आबा म्हणू. सात एकरांचे शेतकरी, हिशेबाला चोख. बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाला सर्वांत पुढे बसणारे. त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात बुधवारी मी त्यांच्या गावी गेलो, तर आबा दिसले नाहीत. कार्यक्रम आटोपून घरी गेलो. काकू दारातच उभ्या होत्या.

"साहेब, बरं झालं आलात. दोन दिवस झाले, यांचं जेवणावर मन नाही. विचारलं तर बोलत नाहीत. तुम्हीच विचारा."

आबा आत खांबाला टेकून बसले होते. बऱ्याच वेळाने हकीकत बाहेर पडली.

मागच्या गुरुवारी, बाजारच्या दिवशी, ते तालुक्याच्या गावी एटीएमवर गेले होते. यंत्रातून पैसे येईनात. मागे उभा असलेला एक नीटनेटक्या कपड्यांतला तरुण म्हणाला, "काका, द्या मी काढून देतो." त्याने कार्ड घेतले, यंत्रात घातले, आबांनी त्याच्यासमोर पिनचे चार आकडे दाबले, पाच हजार निघाले. तरुणाने कार्ड परत दिले. आबांनी त्याला चहा घेण्याचा आग्रहसुद्धा केला!

सोमवारी दुपारी ते बियाणे घ्यायला कृषी सेवा केंद्रात गेले. कार्ड चालेना. दुकानदार म्हणाला, "आबा, यावर दुसऱ्याच कोणाचं नाव आहे." हुबेहूब तसलेच, त्याच रंगाचे, पण परके कार्ड! हातचलाखीने अदलाबदल झाली होती.

आबा काही न बोलता घरी आले. "मशीन बंद होतं," असे काकूंना सांगितले आणि गप्प बसले. मी विचारले, "आबा, त्याच वेळी बँकेत का नाही गेलात?"

"कोणत्या तोंडानं जाऊ साहेब? साऱ्या गावाला मी शहाणपण सांगतो. लोक म्हणतील, आबाच फसला."

त्याच पावली मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. कार्ड बंद केले, पासबुक भरून घेतले. त्यांच्या कार्डावर दिवसाला २० हजारांची मर्यादा होती. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस रोज २० हजार गेले होते. आणि सोमवारी रात्री व मंगळवारीही तसेच २०-२० हजार. म्हणजे आबांना कळण्याआधी ६० हजार गेले, आणि कळल्यानंतर ४० हजार! पहिले ६० हजार चोराने नेले, पुढचे ४० हजार लाजेने नेले.

मोबाईलवर संदेश आला नाही का? आला असेल, पण बँकेत नोंदलेला नंबर मुलाचा जुना होता, तो केव्हाच बंद पडला होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा पैसा शिलकीतला नव्हता, पीककर्जाचा होता. चोराने उचलला तरी कर्ज आबांच्याच नावावर राहिले. त्यावर व्याज चालू, आणि मुदतीत भरणा झाला नाही तर व्याजाची सवलतही जाते. बियाणे भावकीतून उसने घेऊन आबांनी पेरणी केली. चोराने खाल्लेल्या पैशाची परतफेड ते आजही करीत आहेत.

चोरी होते कशी?

कार्डावरून पैसे काढायला दोन गोष्टी लागतात, कार्ड आणि पिन. चोर या दोन्हींच्या मागे असतो. आबांच्या बाबतीत त्याने कार्ड बदलून घेतले आणि पिन डोळ्यांनी पाहिला.

दुसरी तऱ्हा अधिक छुपी आहे. तिला स्किमिंग म्हणतात. यात कार्ड तुमच्याच खिशात राहते. कार्डाच्या पाठीवर काळी पट्टी असते, तीत तुमच्या कार्डाची माहिती चुंबकीय खुणांनी साठवलेली असते. चोर एटीएमच्या खाचेवर तशीच दिसणारी दुसरी खाच चिकटवतो. आपण कार्ड सरकवले की ती पट्टी वाचली जाते. वरच्या बाजूला बारीकसा कॅमेरा लपवलेला असतो, किंवा आकड्यांच्या बटणांवर खोटी बटणे बसवलेली असतात; त्यातून पिन कळतो. मग कोऱ्या कार्डावर तीच माहिती उतरवून बनावट कार्ड तयार होते. पैसे पुष्कळदा रात्री बाराच्या सुमारास काढतात, कारण तारीख बदलली की दुसऱ्या दिवसाची मर्यादा लगेच मोकळी होते, आणि घरधनी झोपलेला असतो.

बनावट कार्डे ही ऐकीव गोष्ट नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर दरोडा पडला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो घाला बँकेच्या यंत्रणेवर होता. पण त्यातली मोठी रक्कम बनावट कार्डांच्या साह्याने अनेक देशांतील एटीएममधून काढली गेली.

यावर उपाय म्हणून कार्डांवर सोनेरी चौकोनी चिप आली. पट्टीतली माहिती कायम तीच असते, म्हणून तिची नक्कल करता येते. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा गुप्त संकेत तयार करते. कालचा संकेत आज चालत नाही. रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यास ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत बँकांना दिली होती. चिपमुळे स्किमिंगला मोठा आळा बसतो, पण बहुतेक कार्डांच्या पाठीवर पट्टी अजून आहेच. आणि कार्ड बदलून नेणाऱ्यापुढे व गोड बोलून पिन काढून घेणाऱ्यापुढे चिपचेही काही चालत नाही.

राखण कशी करावी?

एटीएमवर जाताना: शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेले एटीएम वापरा. कार्ड घालण्याआधी खाच हाताने हलवून पाहा. सैल, उचललेली किंवा वेगळ्या रंगाची वाटली तर कार्ड घालू नका. पिन दाबताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरा. निरांजनाची वात वाऱ्यापासून झाकतो, तसा. या एका सवयीने छुपा कॅमेरा आंधळा होतो. आत कोणी घुसले तर बाहेर जायला सांगा. त्यात भिडेचे कारण नाही. मदत लागलीच तर घरचे माणूस बरोबर न्या, नाहीतर कामाच्या वेळी शाखेत जा. कार्ड परत घेतल्यावर त्यावरचे नाव वाचूनच खिशात घाला. वाचता येत नसेल त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यावर आपल्या ओळखीची खूण करावी. आपण शेळ्या-मेंढ्यांना करतोच की!

दुकानात व पेट्रोल पंपावर: कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. यंत्र आपल्यासमोर आणायला सांगा, रक्कम वाचा, पिन स्वतः दाबा. "आबा, पिन सांगा, मी टाकतो," असे ओळखीचा दुकानदार म्हणाला तरी नम्रपणे नकार द्या. काही कार्डांवर लाटांसारख्या चार रेघांची खूण असते. त्यावरून छोटी रक्कम पिनशिवायही जाऊ शकते. ती सोय नको असेल तर शाखेत सांगून बंद करून घ्या.

घरी: पिन कार्डावर किंवा त्याच्या पाकिटावर लिहू नका. ते म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवणे. जन्मसाल किंवा १२३४ असला पिन नको. बँकेत आपला चालू मोबाईल नंबर नोंदवा. संदेश इंग्रजीत येत असतील तर शाळेत जाणाऱ्या मुलीला ते वाचायचे काम द्या. दर बाजारच्या दिवशी पासबुक भरून आणा. फोनवर कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणून पिन, ओटीपी किंवा कार्डाचे आकडे विचारले, तर समजा की तो चोरच. बँक हे कधीही विचारीत नाही.

चोरी झालीच तर?

पहिले काम, कार्ड बंद करणे. त्यासाठीचा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. पण कार्डच गेले तर तो पाहणार कोठे? म्हणून आजच तो पासबुकाच्या पहिल्या पानावर आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ऐन वेळी मोबाईलवर नंबर शोधू नका. तेथे चोरांनीही आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

दुसरे काम, १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करणे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेले असतील, तर ते वाटेतच गोठवता येण्याचा संभव असतो. जितका उशीर, तितका तो संभव कमी. तिसरे काम, शाखेत व पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच जपून ठेवा.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी याबाबत नियम केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते सहकारी बँकांनाही लागू केले. त्यांचे सार असे: चूक ना तुमची, ना बँकेची, तिसऱ्याच कोणी लबाडी केली, आणि बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवले, तर तोटा तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवस लागले तर काही भार तुम्हाला सोसावा लागतो. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर अवलंबून राहावे लागते. मात्र तुम्ही स्वतःच पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. आबांचे नेमके येथेच अडले. नियमांचे तपशील बदलत असतात, म्हणून चालू नियम शाखेत विचारून घ्या. मर्म मात्र एकच आहे: लवकर कळवा.

बंधूंनो, कपाशीवर बोंडअळी आली तर आपण ती लपवतो का? उलट शेजाऱ्याला बांधावर बोलावून दाखवतो, कारण आज माझ्या शेतात तर उद्या त्याच्या. फसवणुकीचेही तसेच आहे. फसणे हा गुन्हा नव्हे, गुन्हा फसवणाऱ्याचा. शिकलेसवरलेले, नोकरदार, शहरातले, सगळेच यात सापडतात. आणि घरात कोणी असे फसून आले, तर त्याला टाकून बोलू नका. त्या भीतीनेच माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसला की नुकसान वाढते.

परवा आबा प्रात्यक्षिकाला आले होते. नेहमीसारखे पुढे बसले. माझे बोलणे संपल्यावर आपण होऊन उठले, सगळी हकीकत त्यांनी गावासमोर सांगितली आणि शेवटी म्हणाले, "मी दोन दिवस गप्प राहिलो, ते मला चाळीस हजाराला पडलं. तुम्ही दोन ताससुद्धा राहू नका."

माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्यांचे हे दोन शब्द लोकांना अधिक पटले. आज संध्याकाळी दिवेलागणीला घरच्या सगळ्यांना बसवून हा लेख वाचून दाखवा, आणि उठण्यापूर्वी कार्डामागचा नंबर भिंतीवर लिहून टाका.