‘जेवलास का?’च्या पुढचा प्रश्न

आळस की आजार

चेन्नईत शिकायला गेलेल्या मुलाला घरून रोज फोन जातो. जेवलास का, बरा आहेस ना? तो ‘हो’ म्हणतो आणि फोन ठेवतो. खरी स्थिती रूममेटला आधी दिसते: मेसला जाणं बंद, लेक्चर बुडतात, दुपार झाली तरी हा अंथरुणातच. उदासी, कशातच गोडी न वाटणं, झोप-भूक बिघडणं दोन आठवडे टिकलं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत.

थेट विचारा

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोंडलेलं बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका, गुप्ततेचं वचन देऊ नका, डॉक्टरांकडे सोबत जा. ‘आईबाबांचा तरी विचार कर’ हे कृपा करून म्हणू नका. आपण घरच्यांना ओझं झालोय असं ज्याला आधीच वाटतंय, त्याला ते आणखी खोल ढकलतं.

चेन्नईची ‘स्नेहा’

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 मध्ये ‘स्नेहा’ ही आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. तिथले स्वयंसेवक उपदेश न करता ऐकून घेतात. मात्र नुसतं ऐकणं पुरत नाही, हेही तामिळनाडूने ओळखलं. बारावीत नापास झालेल्यांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून तिथे लगेच पुरवणी परीक्षा घेतली जाऊ लागली. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो, कारण त्यात मुलाला खंबीर व्हायला सांगण्याआधी व्यवस्था स्वतः बदलली. विद्यापीठांनीही राहिलेले विषय, हजेरी आणि गाइडची मर्जी यांकडे याच नजरेने पाहायला हवं.

कायदा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरतो. तिला शिक्षा न करता तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

फोन कुठे करावा

टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416: मोफत, चोवीस तास, मराठीतही. ‘स्नेहा’: 044-24640050. जीव धोक्यात असेल तर थेट 112 किंवा 108.