मोटार विम्यातील जादा संरक्षण : केव्हा घ्यावे, केव्हा नको?

मुंबईतील परळ-भोईवाड्यानजीकचा हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की येथे पाणी साचते, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. महानगरपालिकेने अलीकडे भूमिगत साठवण टाक्या बांधल्या असल्या, तरी जुन्या चाळींना वाहनतळ नसल्याने अनेक मोटारी रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात. अशा मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना जादा संरक्षण, म्हणजे ‘अ‍ॅड-ऑन’, घ्यावे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मूळ विम्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असून त्यात अपघात, आग, चोरी व पूर यांचा समावेश होतो. मात्र भरपाईतून घसारा वजा होतो. प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर तो ५० टक्के असतो. धातूच्या भागांवर मोटारीच्या वयानुसार वाढत जातो.

समजा, साडेतीन वर्षे जुन्या लहान मोटारीचा १०,००० रुपयांचा बंपर व २०,००० रुपयांचे धातूचे भाग बदलावे लागले. अनुक्रमे ५० व २५ टक्के घसारा आणि सक्तीची १,००० रुपयांची वजावट धरता मालकावर ११,००० रुपयांचा भार पडतो. ‘झिरो डेप’ संरक्षणामुळे त्यातील १०,००० रुपये वाचतात. त्याचा जादा हप्ता वर्षाला २,५०० रुपये असल्यास, चार वर्षांतून एकदा तरी असे नुकसान झाले तरच हिशेब जुळतो. शिवाय कोणताही दावा केल्यास पुढील हप्त्यातील २० ते ५० टक्क्यांची ‘नो क्लेम बोनस’ सवलत गमवावी लागते, हेही ध्यानात घ्यावे.

इंजिन आणि पाणी

पाण्यात उभी असलेली मोटार सुरू केल्यास पाणी इंजिनात शिरते. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नसल्याने दट्ट्या अडतो व त्याचा दांडा वाकतो. हे पुराचे थेट नुकसान नसून परिणामी नुकसान आहे, या कारणाने मूळ विम्याखाली दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षण हे स्वतंत्र ‘अ‍ॅड-ऑन’ असते. त्याच्या अटी कंपनीगणिक भिन्न असल्याने त्या आधी वाचाव्यात. ‘अ‍ॅड-ऑन’ असो वा नसो, बुडालेली मोटार सुरू न करता ओढून नेणे आणि कंपनीस त्वरित कळविणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

निर्णयाची कसोटी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटरच. एकाच शहरात जोखीम किती भिन्न असते, हे यावरून स्पष्ट होते. भोईवाड्यातही सखल रस्त्यावरील मोटारीस इंजिन संरक्षण उपयुक्त ठरेल. नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील वाहनतळात राहणाऱ्या मोटारीस त्याची गरज कमी भासेल. सन २०२१ च्या जुलैमध्ये पुराने वेढलेल्या चिपळूणसारख्या नदीकाठच्या गावांनाही हीच कसोटी लागू पडते.

सारांश, किरकोळ खर्च स्वतः सोसावा आणि न पेलणाऱ्या नुकसानीपुरतेच जादा संरक्षण घ्यावे. मोटार कोठे उभी राहते, ती किती जुनी आहे व कोणता खर्च कुटुंबास झेपणार नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच जादा हप्ता भरणे हिताचे होईल.